गव्हाणीची फळी, दयाळाचं घर: गोठ्यातल्या अडगळीतून पक्ष्यांच्या पेट्या आणि परसाची शोभा

तीन वर्षांपूर्वी आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरामागचा गोठा उतरवला. गुरं त्याआधीच गेली होती, छप्पर एका अंगाने खचलं होतं आणि पुढचा पावसाळा ते काढणार नाही हे दिसत होतं. आधी कौलं उतरली, मग वासे सुटले, शेवटी गव्हाणीच्या फळ्या निघाल्या. त्यांची वरची कड गुरांच्या माना घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती की हात फिरवला तर रंधा मारल्यासारखी लागायची. भंगारवाला अंगणात उभा होता. आई पडवीतून म्हणाली, "त्या फळ्या देऊ नकोस रे, फणसाच्या आहेत. तुझ्या आजोबांनी परसातलाच फणस पाडून काढल्या होत्या." त्यातल्या एका फळीतून पहिली पेटी झाली. आज परसात पाच पेट्या आहेत आणि त्यातल्या तीन दर वर्षी भरतात.

गोव्यात सध्या गावोगाव हेच चाललं आहे. गोठे मोडतात, नांगर माळ्यावर जातात, पॉवर टिलर आल्यावर जू कोणाला नको असतं. हा माल जाळून टाकण्याआधी ज्याला त्याचं काही करावंसं वाटतं, पण हातात करवत कधी धरली नाही, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. पक्ष्याची पेटी पक्ष्यासाठी करायची आणि शोभा आपल्यासाठी करायची. या दोन कामांची सरमिसळ झाली की पेटी वाया जाते. लाल-पिवळी रंगवलेली, दारापुढे छोटी दांडी लावलेली, घुंगरू बांधलेली घरटी बाजारात दिसतात. ती दिवाणखान्यात शोभतील. पक्ष्याला हवा असतो अंधारा, कोरडा, खडबडीत भिंतींचा, मांजराचा पंजा पोचणार नाही असा खोलगट कोपरा. सजावटीची सगळी हौस नांगर, चाक, कौलं, दोण यांच्यावर भागवा. तिथे तुम्हाला कोणी अडवणार नाही.

आधी कान द्या

लाकूड मोजण्याआधी आठवडाभर सकाळी सहा ते आठ परसात बसा. कोणते पक्षी आसपास वावरतात ते ठरलं की पेटीचं माप ठरतं. पेटी टांगली म्हणून नसलेला पक्षी येत नाही.

कुळागर म्हणजे पोफळीची बाग, बागायत, जुनी घरं असलेल्या गावात सगळ्यात आधी येतो तो दयाळ. काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा, पहाटे उजाडायच्या आधी कौलाच्या कोनावरून शीळ घालणारा. तो आपणहून झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, कधी पडवीतल्या खोक्यातही घरटं करतो, म्हणून नवख्याने सुरुवात दयाळापासूनच करावी. चिमणी बाजारपेठेच्या, वाण्याच्या दुकानांच्या, धान्याच्या आसपास जास्त दिसते. म्हापशाला किंवा डिचोलीच्या बाजारालगत घर असेल तर चिमणीची पेटी करा. रानाच्या कडेला राहून चिमणीची वाट बघत बसू नका. साळुंकी दोन्हीकडे असते आणि जिथे दार मोठं दिसेल तिथे घुसते.

बुलबुल, शिंजीर आणि शिंपी हे तिघे परसात सर्रास दिसतात, पण ते पेटीत कधीच जाणार नाहीत. बुलबुल झुडपात उघडी वाटी विणतो, शिंजीर लोंबती पिशवी करतो, शिंपी पानं शिवतो. त्यांना पेटी देऊ नका, जास्वंदीचं दाट कुंपण आणि दोन-चार वेली द्या. कोळ्याची जाळी सगळीच झाडून काढू नका, कारण शिंजीर आपली पिशवी त्याच धाग्यांनी बांधतो. गोव्याचा राज्यपक्षीही बुलबुलच आहे, लाल गळ्याचा, पण तो घाटातल्या रानात राहतो.

तांबट आणि सुतार हे पक्षी स्वतःची ढोली स्वतः कोरतात. त्यांच्याबद्दल पुढे माडाच्या खोडापाशी बोलू.

कोणता माल घ्यायचा, कोणता सोडायचा

गोठ्यातून निघालेलं लाकूड बहुधा फणस, आंबा, मारट किंवा किंदळ असतं, कधी सागही. फणस सगळ्यात बरा. पाण्याला टिकतो, करवतीला फार त्रास देत नाही. मारट, म्हणजे देशावरचा ऐन, टणक असतो, त्यात आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू घुसवलात तर फळी उभी चिरते. आंब्याची फळी आतून वाळवीने खाल्लेली असू शकते, ती घेताना जपून.

फळी तपासायची पद्धत आमच्या वाड्यावरच्या, लाकूडकाम करणाऱ्या मेस्तकाकांनी शिकवली. बोटाच्या पेराने ठोकत टोकापासून टोकापर्यंत जायचं. घट्ट, आखूड आवाज आला तर लाकूड जिवंत. पोकळ, पसरट आवाज आला की तिथे सुरीचं टोक दाबायचं. टोक अर्धा सेंटिमीटरही आत गेलं तर तो तुकडा कापून बाजूला काढा. फळीवर पिठासारखी भुकटी सांडलेली दिसली तर आत भुंगा आहे. अशी फळी चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा बघा. भुकटी परत पडली तर ती चुलीतच घाला.

काही माल कितीही देखणा वाटला तरी घरी आणू नका. फवारणीच्या औषधांचे डबे आणि बाटल्या, कितीही धुतल्या तरी, पक्ष्यांजवळ नकोत. पोफळीच्या कोळेरोगावर आपण बोर्डो मिश्रण मारतो. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे प्रमाण कुळागरवाल्यांना तोंडपाठ असतं. ते ज्या पिंपात कालवलं जातं ते आतून निळसर पडतं. असं पिंप अर्धं कापून पक्ष्यांच्या पाण्यासाठी ठेवलेलं मी पाहिलं आहे. मोरचूद म्हणजे तांबं, ते पाण्यात उतरतं. अशा पिंपात पाणी ठेवू नका, त्यात भाजीही लावू नका.

सिमेंटचे जुने नालीदार पत्रे करवतीने कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते. डांबर किंवा जळकं इंजिन ऑइल फासलेले खांब कुंपणाला ठेवा, पेटीला घेऊ नका. जुना रंग पोपडे धरून सुटत असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चला. तो खरवडू नका, ती फळी दुसऱ्या कामाला ठेवा.

आणि गंजके खिळे. गोठ्याच्या लाकडात ते आत मोडून बसलेले असतात. करवत लावण्याआधी फळीच्या दोन्ही बाजूंनी चुंबक फिरवा. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर आधी ते.

दयाळाची पेटी

पंधरा सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर जाड आणि दोन मीटर लांब, म्हणजे साडेसहा फुटी, एक फळी पुरते. यापेक्षा पातळ फळी घेऊ नका. एप्रिल-मे महिन्यात पातळ पेटी आतून तापते आणि पिल्लं धापा टाकतात. त्याच कारणाने पत्र्याची पेटी करू नये. प्लास्टिकच्या पाइपची तर मुळीच नको.

फळीवर पेन्सिलीने असे तुकडे आखा. मागची फळी ४० सेंटिमीटर, पुढची २४. दोन बाजू, प्रत्येकीची मागची कड २८ आणि पुढची २४, म्हणजे वरून उतार येईल. तळ १५ बाय ११. छपरासाठी २४ सेंटिमीटरचे दोन तुकडे, प्रत्येक साडेअकरा रुंद. ते शेजारी ठेवले की २३ सेंटिमीटर रुंद छप्पर होतं आणि दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटर बाहेर येतं. कापताना एकदम सगळं आखून टाकू नका. एक तुकडा कापा, मग पुढचा आखा. करवतीची धार दर कापाला दोन-तीन मिलिमीटर खाते आणि ते शेवटी अंगावर येतं.

दार म्हणजे पुढच्या फळीतलं गोल भोक. दयाळासाठी त्याचा व्यास पाच सेंटिमीटर. चिमणीसाठी हीच पेटी चालते, फक्त भोक ३२ मिलिमीटरचं ठेवायचं. त्यातून साळुंकी आत शिरू शकत नाही, हा मोठा फायदा. भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या खालच्या कडेपासून साडेअठरा सेंटिमीटरवर घ्या. त्यामुळे दारापासून तळापर्यंत तेरा सेंटिमीटर खोली राहते. ही खोली कमी झाली की कावळ्याची चोच आणि मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचतो. गोल पातं नसेल तर आखलेल्या वर्तुळाच्या आतून ड्रिलने जवळजवळ छोटी भोकं पाडा, मधला तुकडा पटाशीने ठोकून काढा आणि अर्धगोल कानशीने कड गोल करा. कड हाताला टोचता कामा नये.

दारापुढे दांडी लावू नका. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला ती लागत नाही, शिकाऱ्याला मात्र पाय ठेवायला आयती जागा मिळते.

पुढच्या फळीचा आतला भाग गुळगुळीत असेल तर त्यावर करवतीच्या टोकाने आडव्या खाचा पाडा, एकेका सेंटिमीटरवर. पिल्लं बाहेर पडायच्या दिवशी त्याच धरून वर चढतात. गव्हाणीच्या फळीला हे हमखास करावं लागतं, कारण गुरांनी ती एका अंगाने आरशासारखी करून ठेवलेली असते. मी ती गुळगुळीत बाजू बाहेर ठेवतो. हातात पेटी घेतली की आईची बोटं आपोआप तिच्यावरून फिरतात.

जोडताना आधी दोन्ही बाजू मागच्या फळीला लावा, मागची फळी वर-खाली सहा-सहा सेंटिमीटर बाहेर राहील अशी. एक बाजू दोन-तीन स्क्रूंनी पक्की बसवा. दुसरी उघडता यायला हवी. तिला वरच्या टोकाशी पुढून एक आणि मागून एक, समोरासमोर, असे दोन खिळे मारा, म्हणजे ती त्यांच्यावर झुलेल, आणि खाली एकच स्क्रू. साफसफाईला तेवढा एक स्क्रू काढायचा. मग पुढची फळी बसवा, पण झुलणाऱ्या बाजूला तिचा स्क्रू घालू नका. तळ बाजूंच्या खालच्या कडेपेक्षा एक सेंटिमीटर वर घ्या, म्हणजे ओघळणारं पाणी लाकडात चढणार नाही. तोही पक्क्या बाजूला, मागे आणि पुढेच स्क्रूने धरायचा. तळाच्या चारही कोपऱ्यांत पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडा. दोन्ही बाजूंना छपराखाली तसलीच दोन-दोन भोकं वाऱ्यासाठी.

खारा वारा साधा खिळा खाऊन टाकतो. किनाऱ्याजवळ असाल तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. चार पैसे जास्त जातात, पण दुसऱ्या पावसात पेटी सुटून पडत नाही.

छपराचे दोन तुकडे खालून दोन पट्ट्या मारून जोडा. पट्ट्या पेटीच्या बाहेर पडणाऱ्या भागात किंवा बाजूंना अडणार नाहीत अशा बसवायच्या. वरून सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पसरून बारीक खिळ्यांनी ठोका. मागची फळी आणि छप्पर मिळतात तिथेही तीच पट्टी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पेटी गळली तर ती याच दोन सांध्यांतून गळते.

आतून काही लावू नका. तेल, रंग, पॉलिश काही नाही. बाहेरून हवं तर जवसाचं तेल दोन हात द्या आणि वास जाईपर्यंत दोन आठवडे सावलीत ठेवा. आपल्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावायची जुनी पद्धत आहे. ते वाळवीला चांगलं, पण कातडीवर फोड आणतं, म्हणून पेटीला मी ते वापरत नाही. आत गवत, कापूसही घालू नका. दयाळ सगळं स्वतः आणतो.

कुठे आणि कशी लावायची

माझी पहिली पेटी कामाला उत्तम झाली होती आणि मी ती चुकीच्या जागी लावली. आंब्याच्या खोडाला, दार पश्चिमेला, कारण पडवीतल्या खुर्चीवरून ते समोर दिसायचं. मे महिन्यात दयाळाची जोडी आली, मादी बसू लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला तो नेहमीसारखाच नैऋत्येकडून, आडवा. दुसऱ्या दिवशी मादी पेटीबाहेर फांदीवर बसून राहिलेली दिसली. तिसऱ्या दिवशीही आत गेली नाही, तेव्हा मी पेटी उघडली. घरट्यातलं गवत भिजून पेंड झालं होतं आणि त्यात चार अंडी, निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची, गार पडलेली. मला बघायला सोयीचं म्हणून मी ते दार तिकडे वळवलं होतं, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून गोव्यात दार पूर्वेला किंवा ईशान्येला. पेटी किंचित पुढे झुकलेली असावी. आडोशाला घराची भिंत, पडवीचा खांब किंवा जाड खोड असेल तर उत्तम. दयाळासाठी दोन ते तीन मीटर उंची पुरते, चिमणीसाठी छपराच्या वळचणीखाली तीन-चार मीटर. दुपारचं ऊन थेट येणार नाही अशी जागा बघा. माडाच्या खोडाला लावायची असेल तर ज्या माडाचे नारळ वेळच्या वेळी पाडले जातात तोच निवडा.

जिवंत झाडाला खिळा मारू नका. मागच्या फळीच्या वरच्या आणि खालच्या टोकांना भोकं पाडून त्यातून सुंभाची दोरी किंवा ट्यूबमध्ये घातलेली तार ओवा आणि खोडाला आवळा. दर वर्षी ती थोडी सैल करायची, नाहीतर झाडाला वळ पडतो. पेटी झुलती टांगू नका, हलणाऱ्या पेटीत हे पक्षी सहसा अंडी घालत नाहीत.

हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, ज्या झाडावर आहेत ते झाड सोडा. त्या जिवंत पिल्लांवर चढतात. मांजर, उंदीर आणि धामण यांच्यासाठी खोडाला पेटीच्या खाली दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून बांधता येतो. शेजारच्या झाडाची फांदी पेटीला टेकत असेल तर मात्र त्याचा काही उपयोग नाही, ती फांदी आधी छाटा.

लावायची वेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी. दयाळाचा हंगाम मार्चपासून जुलैपर्यंत चालतो. त्याला आधी पेटी बघून, आतबाहेर करून, विश्वास बसायला वेळ लागतो. पहिल्या वर्षी कोणी आलं नाही तर जागा बदलायची घाई करू नका. माझी तिसरी पेटी दोन वर्षं रिकामी होती.

मडक्याचं घर

ज्याला करवत धरायची नाही त्याने चिमणीसाठी मडकं घ्यावं. डिचोलीच्या कुंभारांचं जाड मातीचं, साधारण नारळाच्या दीडपट आकाराचं, तोंडाला किंचित चीर गेलेलं असलं तरी चालतं. मडकं रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, सकाळी ओलं असतानाच फरशीला भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या गोल पात्याने, हळूहळू, दाब न देता बाजूला ३२ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलचा ठोक्याचा मोड बंद ठेवा, नाहीतर मडकं फुटलंच. पाण्याच्या निचऱ्याला बुडाशी दोन बारीक भोकं. मूळ तोंडावर फळीची गोल चकती बसवून ती सुंभाने आवळायची. साफ करायला तीच चकती सोडायची. मडकं वळचणीखाली, भिंतीला टेकून, हलणार नाही असं बांधा. माती गार राहते, त्यामुळे उन्हाळ्यात लाकडाच्या पेटीपेक्षाही ते बरं.

शेंडा गेलेला माड

परसात वीज पडून किंवा भुंग्याने शेंडा खाऊन मेलेला माड असतो. आपण लगेच तो पाडायला माणूस बोलावतो. तो घरावर, वाटेवर किंवा विजेच्या तारेवर पडण्यासारखा नसेल तर राहू द्या. सुतार त्यात ढोली कोरतो, पुढच्या वर्षी त्याच ढोलीत पोपट किंवा साळुंकी येते, वरचं टोक कुजून खोलगट झालं की पिंगळाही बसतो. इतकी घरं एका ठिकाणी कुठल्याही मेस्ताला करता येणार नाहीत. पाडावाच लागला तर ढोली असलेला दीड-दोन फुटांचा तुकडा जपून कापा, ढोलीत कोणी नाही याची खात्री करून. खालून-वरून फळीच्या चकत्या ठोकल्या की तयार पेटी मिळते. पोफळीचं खोडही आतला गर कुजल्यावर नळीसारखं पोकळ होतं. जाड असेल तर त्याचीही अशीच पेटी होते.

दोणीतलं पाणी

पेटी रिकामी राहू शकते. पाणी ठेवलंत तर मार्च ते मे या दिवसांत परस कधीच रिकामं राहत नाही, म्हणून घाईत असलेल्याने इथूनच सुरुवात करावी.

गुरांच्या पाण्याची दगडी दोण, फुटकं वायन म्हणजे दगडी उखळ, रगड्याचा खालचा भाग, काहीही चालतं. दोण खोल असते आणि लहान पक्षी खोल पाण्यात बुडून मरतात. तिच्यात चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, तुकडे आणि खडबडीत दगड असे रचा की एका कडेला पाणी दोन-तीन सेंटिमीटर आणि सगळ्यात खोल भागी पाच सेंटिमीटरच राहील. चिरा ओला झाला तरी पाय घसरत नाही, पक्ष्याला तो धरवतो. दोण झुडपापासून सात-आठ फुटांवर ठेवा. जवळ ठेवली तर मांजर दबा धरतं, फार लांब ठेवली तर पक्ष्याला उडून लपायला आडोसा राहत नाही.

पाणी रोज बदला, निदान दोन दिवसांनी तरी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डेंगीचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा दोण नारळाच्या सोडणाने खसखसून घासायची. साबण नको.

नांगर, जू आणि कौलं

आता आपली हौस. इथे नियम कमी आहेत, म्हणून मीही थोडक्यात सांगतो.

नांगर उभा करायचा तर त्याचं टोक जमिनीत पुरू नका, दोन वर्षांत वाळवी लागते. एक सपाट चिरा जमिनीत अर्धा बसवा, त्याच्यावर नांगर टेकवा आणि लोखंडी पट्टीने चिऱ्याला आवळा. चिऱ्यात ड्रिल लोण्यासारखं जातं. त्यावर गोकर्ण किंवा जाई चढवा. सावली आणि ओल असेल तर जूनमध्ये मिरवेलीची कांडी लावा. फाळ काढून ठेवू नका, गंज पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवत राहा.

जू पडवीच्या वाशाला आडवं टांगलं की त्याला सोडणं लोंबवता येतात. सोडणं आधी आठवडाभर पाण्यात ठेवा, पाणी तांबडं होणं थांबेपर्यंत बदलत राहा. मग त्यावर सीतेच्या वेणीचं, म्हणजे झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडचं, रोप सुती दोऱ्याने बांधा. रोप रोपवाटिकेतून आणा. रानातलं काढू नका, झाडावरून ओरबाडलेली सीतेची वेणी घरी क्वचितच जगते आणि रानातून मात्र कायमची जाते. पावसाच्या तोंडाला तिचा गुलाबी तुरा खाली झुकला की जुवाची जागा सार्थकी लागते.

फुटके नळे, म्हणजे गोलसर देशी कौलं, अर्धे जमिनीत उभे पुरून वाफ्याला कड करा. मंगळुरी कौल वापरणार असाल तर ते उलटून बघा. आतल्या अंगाला कारखान्याचं नाव उमटलेलं असतं, कधी एखादं चित्रही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं किनाऱ्याने सगळीकडे गेली. असं छाप असलेलं कौल मातीत घालू नका, भिंतीला टेकवून ठेवा. बैलगाडीचं चाक मिळालं तर त्याची धाव, म्हणजे वरचा लोखंडी पट्टा, सैल आहे का बघा. लाकूड आटल्यामुळे ती निसटते आणि पायावर पडली तर मोठी इजा करते. चाक उभं न करता आडवं ठेवलं तर आऱ्यांच्या मधल्या जागांत पुदिना, ओवा, अबोली असे वेगवेगळे वाफे होतात.

पेटी भरली की

घरटं लागलं हे कळतं ते चोचीत गवत घेऊन येणाऱ्या मादीवरून. त्यानंतर पेटी उघडू नका, फोटोसाठीही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी छेडणं हे शिकारीतच धरलं आहे. मुलांना ते आधीच समजावून सांगा. त्यांना पडवीतून दुर्बिणीने बघू द्या. पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि त्याला पिसं आलेली असतील तर ते उडायला शिकत असतं. मांजर आसपास असेल तर जवळच्या झुडपावर ठेवा आणि बाजूला व्हा, आईबाप त्याला तिथे भरवतात.

साफसफाई ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर. पेटी रिकामी आहे याची खात्री करा, हातमोजे घाला, नाकावर फडकं बांधा. खालचा एक स्क्रू काढला की बाजू झुलून उघडते. जुनं घरटं काढून लांब पुरा, त्यात पिसवा आणि माइट राहतात. पेटीत उकळतं पाणी ओता, दिवसभर उन्हात उघडी ठेवा, ट्यूबची पट्टी कडक झाली असेल तर बदला. स्क्रू परत बसवण्याआधी मी झुलणाऱ्या बाजूच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने वर्ष आणि त्या वर्षी किती पिल्लं उडाली ते लिहितो. आईच्या खोलीच्या खिडकीजवळच्या पेटीवर आता दोन ओळी आहेत.